केसपेपरवरची कावीळ

मामाच्या पहिल्या केसपेपरवर आजाराच्या जागी ‘कावीळ’ लिहिलं होतं. मामाचे डोळे लाल होते. पिवळेपणाचा त्यांत मागमूस नव्हता.

मी तेव्हा महाडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पोलादपूरच्या पुढच्या एका वाडीत राहायचा आणि सरकारी रस्त्यावर मैलकुली होता. ठरावीक अंतराचा रस्ता त्याच्या टोळीच्या ताब्यात असायचा. गटारं मोकळी करायची, खड्डे भरायचे, कडेचं गवत कापायचं आणि पावसाळ्यात कशेडी घाटात दरड आली की फावडी-घमेली घेऊन धावायचं. टोळीत सहा जण आणि वर मुकादम. ओल्या अंगानं दिवसभर दगडमाती उपसल्यावर मुकादम स्वतः सगळ्यांना घोट घोट पाजायचा. तेवढ्याशिवाय माणूस गारठून जाईल, असं सगळ्यांचंच मत होतं. मामाला घोटावर थांबता आलं नाही. बाकीच्या पाचांत आणि त्याच्यात फरक असलाच तर तेवढाच.

त्या वर्षीच्या थंडीत मामीनं धीर केला. घरातली बाटली परसात ओतली, मामाच्या खिशात काही राहू दिलं नाही आणि त्याला घरात बसवून ठेवलं. तीन दिवस कळ काढली की सुटेल, असं तिला वाटलं. आम्हाला विचारलं असतं तर आम्हीही तेच सांगितलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात उतरला आणि नसलेली दरड हातांनी उपसायला लागला. सारवलेली जमीन नखांनी ओरबाडत होता आणि मामीला ओरडून सांगत होता की बाजूला हो, ट्रक खोळंबलेत. शेजाऱ्यांनी धरलं तेव्हा त्याचं अंग थडथडत होतं. जीपमध्ये घालून त्याला सरकारी दवाखान्यात आणलं. कुठल्या, ते मी लिहिणार नाही. एकदा लिहून पाहिलं आहे.

तिथले डॉक्टर देशावरचे होते. मध्यम वयाचे, कमी बोलणारे. दारू अचानक तोडल्यावर असं होतं, यात माणूस जाऊही शकतो, हे त्यांनी मामीला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, काम काय करतो? सरकारी, कायम, असं मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि केसपेपरवर कावीळ लिहिली. सिस्टर सलाईनची बाटली अडकवत म्हणाली, ‘‘डॉक्टर, या महिन्यातली ही चौथी कावीळ. साथ आहे म्हणून कळवू का वर?’’ डॉक्टर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

पुरुषांच्या वॉर्डात त्या दिवशी खरोखरच अजून तिघं काविळीचे होते. तिघांचे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं आणि हे काय आहे, असं विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. केसपेपरवर दारू लिहिली की पहिला प्रश्न येतो, दारुड्याला खाट कशाला दिली? औषधांच्या मागणीवर शेरा येतो. आणि रजेच्या दाखल्यावर तो शब्द गेला की कार्यालय म्हणतं, हा आजार यादीत नाही, हा स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेला आहे, याला आजारपणाची रजा नाही आणि खर्चही नाही. काविळीला सगळं मिळतं. खाट, सलाईन, रजा. आणि गावात कोणी तोंडावर हसत नाही.

मी म्हणाले, ‘‘पण हे खोटं आहे.’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘पण माणूस खरा आहे.’’ आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मला ते पटलं नाही. पटणार कसं? माझे वडील प्राथमिक शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर तालुक्यातल्या प्रत्येक लढ्याचे लेखनिक. पाण्याचा प्रश्न असो, गायरानाचा असो, शिष्यवृत्तीचा असो की कारखान्यांच्या सांडपाण्याचा, मजकूर आमच्या घरी तयार व्हायचा. मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून अक्षरं शिकले. शाळेचं पुस्तक हाती येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. वडिलांचा नियम होता की पत्रक कागदाच्या एकाच बाजूला बसलं पाहिजे आणि त्यात अन्याय काय, कोणाचा आणि मागणी काय हे शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे. माझी अशी पक्की समजूत होती की जगात जो अन्याय अजून टिकून आहे तो फक्त अजून कोणी नीट लिहिला नाही म्हणून.

मामा दहा दिवसांनी घरी गेला. हात थांबले होते, भूक लागत होती. वाडीत सगळ्यांना कावीळच सांगितली होती, त्यामुळे घरोघरून उसाचा रस आला. पलीकडच्या वाडीतल्या म्हातारीनं झाडपाला वाटून दिला आणि तो अनशापोटी घ्यायला लावला. मामीनं तेल-तिखट बंद केलं. मामा मुकाट्यानं फिकं जेवला.

विहारात दर पौर्णिमेला सगळे जमायचे. पंचशील म्हणताना मामा नेहमी मागच्या भिंतीला टेकून उभा असायचा. पहिली चार शीलं मोठ्यानं म्हणायचा. पाचवं दारूचं. त्याला त्याचे ओठ मिटायचे. लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं. त्या पौर्णिमेला मी मुद्दाम मागे वळून पाहिलं, तर तो तेव्हाही गप्पच होता. महिना झाला होता, थेंब घेतला नव्हता, तरी गप्प. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, आता का रे गप्प? म्हणाला, ‘‘म्हणायचं तर पाळायला होवं. अजून भरवसा नाय.’’

ते ऐकून मी घरी आले आणि पत्रक लिहायला बसले.

मथळा मला एका दमात सुचला. ‘देशी दारूच्या दुकानाला सरकारी परवाना, दारूच्या आजाराला सरकारी खाट नाही.’ खाली लिहिलं की सरकार एका हातानं दारूचा महसूल घेतं आणि दुसऱ्या हातानं दारूनं पडलेल्या माणसाला दवाखान्याबाहेर ढकलतं. हृदयाचा आजार आजार, मूत्रपिंडाचा आजार आजार, मग हा काय चोरी आहे? मागणी केली की दारूच्या आजाराला आजार म्हणा, त्याला खाट द्या, औषध द्या, रजा द्या. यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. पण मधे एक वाक्य होतं: ‘आमच्याच दवाखान्यात दारूच्या रुग्णाला कावीळ म्हणून दाखल करावं लागतं, ही लाज कोणाची?’ वर दवाखान्याचं नाव होतं. डॉक्टरांचं नाव मी सभ्यपणे टाळलं होतं. त्या दवाखान्यात डॉक्टर एकच होते.

वडिलांनी मजकूर वाचला. शुद्धलेखन तपासलं. मग त्या वाक्यावर बोट ठेवलं.

‘‘हे ठेवायचंच का?’’

‘‘खरं आहे ना?’’

‘‘खरं आहे.’’

‘‘मग?’’

वडिलांनी पेनाचं टोपण लावलं. मला याच घरात वाढवलं होतं, आता ते काय बोलणार होते?

पत्रक गुलाबी कागदावर छापलं. बाजारात वाटलं, कॉलेजात वाटलं, पोलादपूरला एसटीत चढून वाटलं. एक प्रत मी स्वतः डॉक्टरांना नेऊन दिली. त्यांना आनंद होईल, असं मला वाटत होतं. कोणीतरी त्यांच्या बाजूनं बोललं होतं. त्यांनी उभ्यानं पूर्ण वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि छान लिहितेस, एवढंच म्हणाले.

पंधरा-वीस दिवसांनी, भर उन्हाळ्यात, मी महाडच्या एसटी स्टँडवर उरलेली पत्रकं वाटत होते. बाकावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. पायाशी प्लास्टिकची पिशवी, मनगटावर सलाईनची चिकटपट्टी. एवढ्या उकाड्यात तो थरथरत होता. मी पुढे जाणार तर त्यानंच हात पुढे केला. कागद हातात नीट धरवेना, म्हणून त्यानं तो मलाच परत दिला आणि वाच म्हणाला. मी शेजारी बसून वाचून दाखवलं. तो मान हलवत ऐकत होता.

‘‘बरोबर लिवलंय, बाय,’’ तो म्हणाला. ‘‘पण मग मला आज घरी का धाडला?’’

मग त्याच्याकडूनच कळलं. सकाळी जिल्ह्याहून साहेब आले होते. वॉर्डाची वही उघडली. काविळी मोजल्या. पुराच्या वर्षीसुद्धा इतकी कावीळ नव्हती, असं कोणीतरी म्हणालं. डॉक्टरांना खोलीत बसवून पुष्कळ वेळ विचारलं. मग तीन खाटांवरचे तिघं उठवले. हा त्यांतलाच एक, दाखल होऊन त्याला दुसराच दिवस होता. साहेबांच्या हातात एक गुलाबी कागद होता, तेही त्यानं सांगितलं. माझ्या मांडीवर त्याच कागदांचा गठ्ठा होता. त्याला ते एकच आहेत हे कळलं की नाही, मला अजून माहीत नाही. मी त्याला परत चला, डॉक्टरांकडे जाऊ म्हणाले. तो म्हणाला, नको, त्यांना आधीच त्रास झालाय. त्याची गाडी लागली. तो चढला. गावाचं नाव मी पाटीवर वाचलं होतं आणि ते मला आजही पाठ आहे. त्या गावाला जायचं धैर्य मला झालं नाही.

डॉक्टरांची नोकरी टिकली. खुलासा द्यावा लागला, बढती अडली म्हणतात. पण त्या वॉर्डात त्यानंतर कोणाला कावीळ झाली तर ती कावीळच होती. मी घाटात राबणाऱ्या लोकांना आणि वाडीतल्या बायांना जे मिळवून द्यायला निघाले होते, ते त्यांना थोडंफार चोरवाटेनं मिळत होतं. ती वाट मी बुजवली होती, आणि नवीन रस्ता कुठं तयार होता?

पावसाळ्यात कशेडीत दरड आली. टोळी चार दिवस घाटातच होती. पाचव्या दिवशी मामा पिऊन घरी आला आणि पुढे महिनाभर पीतच राहिला. आणि मग एक दिवस त्यानं आपणहून सोडली, कोणाला न सांगता. दुसऱ्या दिवशी हात उडायला लागले, तेव्हा मामीला मागचं सगळं आठवलं. ती तिसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याला घेऊन निघाली. मला निरोप आला तशी मी घरून थेट दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांपुढे कोरा केसपेपर होता. त्यांनी मामाची नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि पेन हातात घेऊन माझ्याकडे बघितलं.

‘‘आता काय लिहू?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तू सांग.’’

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. कावीळ म्हणायची माझी तयारी होती, हे मी कबूल करते. मामाला खाट मिळणार असेल तर मी त्या क्षणी देवी म्हणाले असते, प्लेग म्हणाले असते.

उत्तर मामानं दिलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

‘‘दारू लिवा, डाक्टर.’’

‘‘रजा मिळणार नाही. दाखल्यावर तो शब्द जाणार.’’

‘‘जाऊं दे. मागच्या टायमाला कावीळ लिवलीत, तुमचे उपकार हायेत. पण काय झालं? टोळीत गेलो. चार महिने मी सगळ्यांना सांगितलं, कावीळ हाय, डाक्टर नको म्हनलेत. त्यांनी ऐकलं. मग मुकादम म्हनला, आता कावीळ बरी झाली ना, घे घोटभर. मी काय सांगनार? कावीळ बरी व्हते, डाक्टर. हे कुठं बरं व्हतंय?’’

मामी खालमानेनं उभी होती.

‘‘आन् रजेचं ही बघंल,’’ मामानं माझ्याकडे मान वळवली. ‘‘पत्रकं काढते ना मोठी.’’

डॉक्टरांनी लिहिलं. दारू सोडल्यामुळे झालेला कंप, जिवाला धोका, तातडीने दाखल. तातडीच्या रुग्णाला कोणी उठवू शकत नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. एवढे दिवस त्यांनी सरळ दारू लिहून पुढे ‘तातडीने’ का जोडलं नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मग लक्षात आलं की दारू हा शब्द लिहायला समोरचा माणूसही तयार लागतो. आजपर्यंत तसा कोणी त्यांना भेटला नव्हता.

रजेचं बघायला मी गेले. रस्त्याच्या कार्यालयात रजेचे कागद पाहणारे एक वयस्कर कारकून होते. त्यांनी दाखला वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. अख्ख्या नोकरीत त्यांनी या आजाराचा दाखला पाहिला नव्हता. मैलकुली आजारी पडतात ते हिवतापानं, काविळीनं, पाठीनं. ते हळू आवाजात म्हणाले की मुली, याला मंजुरी नाही मिळायची. हा घेऊन जा आणि डॉक्टरांकडून अशक्तपणाचा दाखला आण. त्यांचं मन चांगलं होतं.

आणि मी तो घेऊन खरंच दवाखान्यात गेले. डॉक्टरांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि अशक्तपणा लिहून द्या म्हणाले. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग वही उघडून मामाच्या नावावर बोट ठेवलं. तिथं काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं. मी परत फिरले. त्यांच्या जागी मी असते तर खिशातला तो गुलाबी कागद काढून दाखवला असता. त्यांनी ते केलं नाही.

शेवटी मामा म्हणाला, कागद मीच लिहितो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. वॉर्डात खाटेवर बसून, पाटीसारखी थाळी मांडीवर घेऊन त्यानं अर्ज लिहिला. मी मजकूर सांगायला गेले तर हातानं थांबवलं. ‘मला दारूचा आजार आहे. मी दवाखान्यात आहे. बरा होऊन कामावर येणार आहे. तोवर माझी जागा दुसऱ्याला देऊ नये ही विनंती.’ खाली सही. चार वाक्यं. मी आजवर एवढं नेमकं काही लिहिलेलं नाही.

अर्ज तीन दिवसांनी परत आला. शेरा होता: सही सेवापुस्तकातील सहीशी जुळत नाही.

मामा बघून हसायला लागला. म्हणाला, ‘‘बरोबर हाय त्यांचं. ही सही माझी नाय, दारूची हाय. थांब जरा.’’ आम्ही थांबलो. नवव्या दिवशी चहाचा कप एका हातानं, न सांडता तोंडाशी नेता आला, तेव्हा त्यानं अर्ज पुन्हा लिहिला, तोच मजकूर, आणि सही केली. या वेळी जुळली.

आजारपणाची रजा मिळाली नाही. यादीत नसलेल्या आजाराला ती देता येत नाही, असं उत्तर आलं. बिनपगारी रजा मिळाली, जागा राहिली. मामी लोकांच्या शेतात भाताच्या आवणीला गेली, आईनं घरातलं धान्य पोचवलं. मी त्या उत्तराविरुद्ध वर अर्ज केला, त्याच्यावर स्मरणपत्रं केली. त्यांचा निकाल मला अजून मिळालेला नाही. सरकारनं हा खर्च उचलला पाहिजे, ही रजा दिली पाहिजे, हे मी आजही म्हणते. फक्त आता ते म्हणण्याआधी, त्या दिवशी कोणाच्या हातात सलाईन आहे, हे मी आधी जाऊन बघते.

मामा कामावर रुजू झाला तोवर त्याचा अर्ज कार्यालयात सगळ्यांनी वाचला होता. कारकुनांनी शिपायाला दाखवला, शिपायानं मुकादमाला सांगितला, आणि मुकादमाकडून टोळीला कळला. पहिल्याच संध्याकाळी घाटात बाटली निघाली. एकानं सवयीनं मामापुढे केली. मुकादमानं ती मधेच धरली.

‘‘त्याला नको रे. त्याचा कागद हाफिसात हाय.’’

मामानं हे आमच्या घरी येऊन सांगितलं तेव्हा हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी सवलत आजवर कोणाला मिळाली नव्हती, असं त्याचं म्हणणं.

तो त्यानंतर कायमचा सुटला, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पुढच्या सात-आठ वर्षांत तो दोनदा घसरला. पहिल्या वेळी मामी घेऊन आली. दुसऱ्या वेळी तो एकटाच एसटीनं आला, खिडकीवर केसपेपर काढला, काय होतंय विचारल्यावर मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि आठ दिवस राहून परत गेला. मला कळलं ते तो घरी पोचल्यावर. मी चिडले. महाडात असून मला निरोप नाही? वाडीत जाऊन त्याला विचारलं, का नाही सांगितलंस?

मामा ओटीवर विळ्याला धार लावत होता. वर न बघता म्हणाला, ‘‘तुला सांगितलं असतं, तर तू कायतरी लिवलं असतंस.’’